‘ऋतुचक्र’ : आधी झाड, मग आपण

निसर्गात माणसाला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं, हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलं आहे की ते कितपत खरं आहे हे आता कुणी विचारत नाही. पानं गळू लागली की आपल्याला वय आठवतं. मळभ दाटलं की मन दाटतं. पालवी फुटली की नवी उमेद आलीच. सकाळी सकाळी मोबाईलवर जे सुविचार येतात त्यांतले निम्मे याच मालाचे असतात, आणि आमच्या मंडळाच्या भाषणांमध्ये पिकलं पान हमखास येतं. त्यात खोटं काही नाही. पण मला एक गोष्ट खटकते. असं बोलणाऱ्या बाईला विचारावं, अगं, पण हे पान कशाचं? तर तिला ते सांगता येत नाही.

हे पिकलं पान आलं कुठून हे आपल्या घरातल्यांना तरी ठाऊक असायला हवं. उत्तराध्ययनसूत्राचं दहावं अध्ययन, द्रुमपत्रक. महावीर गौतमाला सांगतात की झाडाचं पान जसं रात्रींमागून रात्री गेल्यावर गळतं तसं माणसाचं आयुष्य, तेव्हा क्षणभरही गाफील राहू नकोस. मी हे अध्ययन मुद्दाम अर्थासकट पुन्हा वाचलं. त्यात पान नुसतं गळत नाही, आधी त्याचा रंग उडतो, ते पांढुरकं होतं. दर्भाच्या टोकावर दवाचा थेंब लोंबकळतो आणि थोडाच वेळ टिकतो. हे ज्यानं सांगितलं त्यानं पहाटे गवताकडे वाकून पाहिलेलं आहे. बोध नंतरचा. आपण मात्र बोध उचलला आणि दर्भ तिथेच सोडून दिला.

या खटकण्यापायी मी दुर्गा भागवतांचं ‘ऋतुचक्र’ पुन्हा मागवलं. मागवलं म्हणजे काय, सुरतेच्या या टोकाला, आमच्या नवागामात, घरोघरी मराठी बोलतात. अर्धा खानदेश इथं लूमच्या मागे येऊन राहिला आहे. पण मराठी पुस्तक पाहिजे असेल तर गावाकडे जाणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावं लागतं. मग ते जळगावकडून उधन्याच्या गाडीनं येतं, पापड-बिबड्यांच्या पिशवीत, कोपरे दुमडलेलं. पुस्तक पहिल्यांदा निघालं १९५६ साली. चैत्र ते फाल्गुन, बारा महिन्यांचे बारा लेख. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या माझ्या वयाच्या बायकांना त्यातला ‘वसंतहृदय चैत्र’ आठवतो. बाकीचे अकरा महिने बहुतेकींचे वाचायचे राहून गेलेले असतात.

दुर्गाबाईंची रीत कळायला घाणेरीचंच उदाहरण पुरे आहे. रुळाच्या कडेला, पडक्या भिंतीला, कुठेही माजणारं ते खरखरीत झुडूप. वासावरून नाव पडलं घाणेरी, आणि एकदा असं नाव पडलं की आपण बघायचं थांबतो. चैत्राच्या लेखात दुर्गाबाई तिच्यापाशी थांबतात. तिचे रंग पाहतात, आणि उत्तरेकडे तिला रायमुनिया म्हणतात हे सांगतात. मुनिया म्हणजे ती चिमुकली लाल चिमणी. केवढा फरक पडला बघा, त्याच झुडपाला एकीकडे घाणेरी आणि एकीकडे पाखराचं नाव. पण इथं दुर्गाबाईंनी जे केलं नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी घाणेरीवरून उपेक्षित स्त्रीवर उतारा लिहिला नाही. दुसऱ्या कुणालाही तो मोह आवरला नसता: जिला साऱ्यांनी नाक मुरडलं तिच्याही अंगी रंग असतात, वगैरे. वाचणारीला तो अर्थ काढायचा तर ती काढील. नाही काढला तरी घाणेरीचं काही अडत नाही.

आणि रंगांचं म्हणाल तर एक गोष्ट स्वतः पाहण्यासारखी आहे. घाणेरीच्या गुच्छात मधली नवी फुलं पिवळी असतात, कडेची जुनी झालेली गुलाबी किंवा केशरी. म्हणजे फूल गळायच्या आधी रंग बदलतं. हे झुडूप मुळात आपल्याकडचं नाही, अमेरिकेतून बागेसाठी आणलं गेलं आणि मग रानभर पसरलं. आज वनस्पतींचे जाणकार त्याच्या नावानं बोटं मोडतात, कारण ते दुसऱ्या झाडोऱ्याला वाढू देत नाही. आता उपेक्षितेचं रूपक कुठे राहिलं? जवळून पाहिलं की रूपकं अशी अडचणीत येतात. म्हणूनच बहुतेक लेखक फार जवळ जात नसावेत.

आपलं दुःख निसर्गावर घालण्याची ही खोड जुनी आहे आणि ती एकट्या मराठीची नाही. संस्कृत काव्यशास्त्रानं त्याला उद्दीपन विभाव म्हटलं, म्हणजे चंद्र, मेघ, कोकिळा यांचं काम नायिकेच्या मनातली भावना पेटवणं. नायिका सुखात असेल तर तोच चंद्र थंड, विरहात असेल तर तोच भाजतो. चंद्राला कुणी विचारत नाही. इंग्रजीत जॉन रस्किन नावाच्या समीक्षकानं १८५६ साली या सवयीला नाव ठेवलं. भावनेच्या भरात माणूस वस्तूंवर आपले भाव लादतो आणि मग त्या तशाच आहेत असं म्हणतो, यात एक प्रकारची फसगत आहे, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी ‘ऋतुचक्र’ आलं. दुर्गाबाईंनी ते रस्किनला उत्तर म्हणून लिहिलं असं मी म्हणत नाही. वर्षं जुळली म्हणून सांगितलं.

दुर्गाबाईंना सांगण्यासारखं दुःख नव्हतं असंही नाही. १९१० चा जन्म, लोककथा आणि आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करायला मध्य प्रदेशात गोंडांच्या मुलखात फिरल्या, तिथं विषबाधा झाली आणि पुढे काही वर्षं अंथरुणाला खिळून राहिल्या. हाताशी आलेलं संशोधन सुटलं. पुस्तक निघालं तेव्हा त्या शेहेचाळीस वर्षांच्या होत्या. एवढं सोसलेल्या बाईला एखादं वठलेलं झाड पाहून चार ओळी स्वतःवर लिहायचा हक्क होता. पण ‘ऋतुचक्रा’तून त्यांच्या चरित्राचा सांगाडा उभा करायला गेलात तर हाती फार थोडं लागतं. मग त्या पुस्तकात नाहीत का? आहेत की. त्या आहेत त्यांच्या निवडीत. कुठे थांबल्या, कशाकडे दुसऱ्यांदा वळून पाहिलं, नाक मुरडण्याजोगी घाणेरी आणि ओबडधोबड फणस यांना किती माया दिली, त्यातून त्यांचं मन दिसतं. मला हे प्रतिबिंब जास्त खरं वाटतं.

ऋतूंचं चक्र म्हटलं की त्याला सुरुवात नसते, पण पुस्तकाला असते. कुठल्या महिन्यापासून सुरू करायचं हे ठरलं की निम्मं पुस्तक ठरलं. दुर्गाबाईंनी मराठी पंचांगाप्रमाणे चैत्र घेतला, म्हणून पुस्तक पालवीनं उघडतं. थोरोचं ‘वॉल्डन’ दुर्गाबाईंनीच मराठीत आणलं, ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावानं. तो तळ्याकाठी दोन वर्षांहून जास्त राहिला आणि पुस्तकात त्यानं ती एका वर्षात बसवली. उन्हाळ्यात झोपडीत राहायला जातो आणि वसंतात बर्फ वितळल्यावर निरोप घेतो. सुरतेत आमचं वर्ष कार्तिकात लागतं. दिवाळी झाली, नव्या वह्या पुजल्या, साल मुबारक. वीर निर्वाण संवतही तिथूनच बदलतं. म्हणजे पाऊस संपलेला, पीक घरात आलेलं, देणंघेणं चुकतं झालेलं, मग आमचं नवं वर्ष. हिशेब मिटवून सुरू होणारं वर्ष आणि कोवळ्या पानानं सुरू होणारं वर्ष, यांत राहणाऱ्या माणसांची मनं वेगळी होत असणार. मी दोन्हीकडची आहे, मला हा फरक दर वर्षी जाणवतो.

आणि ज्यांनी श्रावणापासून सुरुवात केली त्यांचं काय झालं हे पाहायला आपल्या राजुलकडे जावं लागतं. गुजरात-राजस्थानातल्या जैन कवींनी नेमि-राजुलचे बारामासे ढीगभर लिहिले. त्यांतला सगळ्यांत जुना समजला जाणारा विनयचंद्रसूरींचा ‘नेमिनाथ चतुष्पदिका’ तेराव्या शतकातला मानतात. कथा तुम्हाला सांगायला नको. वरात दाराशी आलेली, लग्नाच्या जेवणासाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश नेमिकुमारांच्या कानी पडतो, रथ वळतो, ते गिरनारावर निघून जातात. मागे राहते राजुल. बारामासा श्रावणात सुरू होतो आणि आषाढात संपतो. महिना येतो, राजुल रडते, सखी तिला समजावते. मेघ गडगडले की राजुलच्या काळजाचं पाणी. सखी म्हणते, विसर त्याला, दुसरा वर पाहू. असं करत करत शेवटी राजुल स्वतः दीक्षेच्या वाटेला लागते.

या रचना गायला गोड आहेत, माझ्या सासरच्या म्हाताऱ्या बायका गुजराती ढाळांत अजून गातात. पण समीक्षा करायची तर सांगायला हवं की त्यांतला श्रावण हा श्रावण नव्हे. ती राजुलच्या दुःखाला दिलेली तारीख आहे. गंमत म्हणजे हे सखीमुळे उघडं पडतं. त्याच महिन्यात, त्याच पावसात सखीला सुखाची हाक ऐकू येते आणि राजुलला मरणाची. म्हणजे पाऊस दोघींशीही बोललेला नाही. मला सखी आवडते. बारामाशात तिला नेहमी हरावंच लागतं, पण तिच्यामुळे निदान दोन बाजू राहतात.

आता याच राजुलला पावसात नेऊन उभं केलं आहे उत्तराध्ययनाच्या बाविसाव्या अध्ययनात. ती रैवतकावर निघाली आहे, वाटेत पाऊस गाठतो, कपडे चिंब होतात, ती अंधाऱ्या गुहेत शिरते आणि ओले कपडे काढते. आत नेमिनाथांचे भाऊ रथनेमी ध्यानाला बसलेले. ते तिला पाहतात, त्यांचं मन ढळतं, आणि मग राजुल त्यांना असं सुनावते की ते पुन्हा मार्गावर येतात. इथला पाऊस बघा. तो विरहाचा नाही, कुणाच्या अश्रूंचा नाही, तो फक्त ओला आहे. कपडे भिजवतो. पण पाऊस निव्वळ पाऊस राहिला म्हणूनच राजुलला तिथं काहीतरी करावं लागलं, आपण कोण हे तिला बोलून दाखवावं लागलं. बारामाशातली राजुल बारा महिने रडून जे गाठते ते ही एका सरीत गाठते. दोन्हींतली कुठली राजुल लेकींना सांगावी, असं कुणी विचारलं तर मी क्षणाचाही विचार करणार नाही.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातली सगळ्यांत अवघड. नग्गति राजाची. उत्तराध्ययनात चार प्रत्येकबुद्धांची नावं येतात, करकंडू, द्विमुख, नमी आणि गांधारचा नग्गति. त्यांच्या कथा टीकाकारांनी सांगितल्या आहेत. नग्गति लवाजम्यासह बाहेर पडला, वाटेत मोहोरलेला आंबा दिसला. त्यानं जाता जाता एक मंजिरी खुडली. राजानं खुडली म्हणून मागच्यानं खुडली, त्याच्या मागच्यानं खुडली. सगळं सैन्य पुढे सरकेपर्यंत झाडावर मोहोर नाही, पानही नाही, नुसतं लाकूड. राजा परतताना विचारतो, तो आंबा कुठे गेला? हाच तो, म्हणतात. राजाला वैराग्य येतं. संपत्तीचं, शोभेचं असंच असतं, सारं अनित्य.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि सांगणारे नेहमी राजाच्या वैराग्यावर थांबतात. राजाला आंब्यात स्वतःचं प्रतिबिंब दिसलं, तो तरला, छानच झालं. पण तो आंबा काही ऋतू पालटल्यामुळे बोडका झाला नव्हता. मोहोर आपल्या वेळेला झडला असता, काही कैऱ्या धरल्या असत्या, पाखरं आली असती. अनित्यता होतीच, पण ती सावकाशीची होती. इथं झालं ते राजाच्या हातानं आणि त्याच्या मागून आलेल्या हजारो हातांनी. राजानं ते पाहिलं आणि त्याला जगाचा नियम म्हटलं. मला विचाराल तर इतकं घाईघाईनं झाडात स्वतःला पाहण्याचा हाच धोका आहे. आपला हात दिसायचा राहून जातो.

(बौद्धांच्या जातकातही ही कथा आहे. तिथं राजा कलिंगाचा, आणि ओरबाडलं जातं ते फळांनी लगडलेलं झाड. शेजारी एक न फळणारा आंबा असतो, तो तसाच हिरवागार राहतो. दुर्गाबाईंनी जातककथा ‘सिद्धार्थ जातक’ म्हणून मराठीत आणल्या, तेव्हा हे दुसरं झाड त्यांना चांगलं माहीत असणार. त्या न फळणाऱ्या झाडाबद्दल बायकांनी एकदा बसून बोलायला हवं, पण तो वेगळा लेख होईल.)

नवागामात राहून नग्गति विसरता येत नाही. नावातच गाव आहे, आणि आजूबाजूला डिंडोली, उधना. रस्ता रुंद होतो, सोसायटीचं पार्किंग होतं, वायरींना फांद्या लागतात, आणि एकेक कडुनिंब, एकेक गुलमोहर जातो. प्रत्येकानं आपापली एकच मंजिरी खुडलेली असते. मग चैत्रातच दुपारी बाहेर पाऊल टाकवत नाही आणि आपण ओट्याशी उभ्या राहून म्हणतो, बाई, ऋतूच बदलले हल्ली, पहिल्यासारखं काही राहिलं नाही. हे बोलताना आपला आवाजही प्रवचनासारखा होतो. अनित्य भावना झाली, मन हलकं झालं, कपडे वाळत घालायला मोकळ्या.

आपल्या धर्मात झाडापेक्षा आत्मा मोठा, तेव्हा झाड पाहायचं शिक्षण आपल्याला कुठून मिळणार, असा सूर काही शिकलेल्या मुली लावतात. तो मला मान्य नाही. साधू-साध्वींनी चार महिने एका जागी का थांबायचं? पावसात जमिनीवर अंकुर येतात, किडा-मुंगी वाढते, चालणाऱ्याच्या पायाखाली जीव जातात म्हणून. चातुर्मासाचा नियम जमिनीकडे बघून केलेला आहे. उकळलेलं पाणी पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच प्रहर चालतं, हे आपल्यातल्या किती जणींना पाठ आहे! म्हणजे हवेतली ओल कुणीतरी कधीतरी नीट तोलली होती. सुरतेतल्या माझ्या गुजराती शेजारणी आर्द्रा नक्षत्र लागलं की, म्हणजे जूनच्या बावीस तारखेच्या सुमाराला, आंब्याला हात लावत नाहीत, मग बाजारात कितीही केशर-लंगडा असो. पाऊस पडला की फळात जीव पडतात, हे कारण. यात मन उदास आहे की आनंदी, याचा प्रश्नच नाही. आधी फळ कसं आहे ते बघ, मग तू कशी वाग ते ठरव. आता हे सगळं पाहण्याचं शहाणपण आपण ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’ यात कोंबून टाकलं, ही तक्रार मात्र खरी आहे. सुनेला आपण यादी देतो, कारण सांगत नाही.

दुर्गाबाईंच्या आगेमागे मराठीत ऋतू पाहणारे दोघे तर आमच्या तापीच्या खोऱ्यातलेच. मुलताईहून निघालेली तापी भुसावळावरून, सगळा खानदेश ओलांडून, उकाईच्या धरणातून सुरतेला येते. तेव्हा आमच्या नळाला येणारं पाणी त्यांच्या गावांकडून आलेलं असतं असं म्हणायला हरकत नाही. बालकवी धरणगावचे, १८९० चा जन्म. उधना-जळगाव गाडी धरणगावला थांबते, आणि जळगावच्या पुढे भादली स्टेशन आहे, तिथं १९१८ साली रेल्वेखाली त्यांचा अंत झाला. अठ्ठावीस पुरी व्हायची होती. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात त्यांना ‘बालकवी’ म्हणणारे अध्यक्ष कर्नल कीर्तीकर हे मोठे वनस्पतीतज्ज्ञ होते, औषधी वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ आजही चाळला जातो. मला हा योग फार आवडतो. फुलांना राणी करणाऱ्या पोराला नाव दिलं ते फुलांच्या पाकळ्या मोजणाऱ्यानं.

बालकवींच्या ‘औदुंबर’ या आठ ओळींच्या कवितेवर समीक्षकांनी किती पानं लिहिली त्याला सुमार नाही. ते झाड विरागी आहे, ते मृत्यूकडे पाहतं आहे, ते कवीच आहे. मला वाटतं भादलीचा अपघात झाला नसता तर यातलं निम्मं लिहिलं गेलं नसतं. कवीचं मरण आपण झाडात नेऊन ठेवलं आणि मग झाडातून ते शोधून काढलं. कविता मात्र बराच वेळ डोंगर, पाणी, वाट, शेतं यांचे रंग दाखवत राहते. आठ ओळींतला पुष्कळसा भाग नुसतं पाहण्यात जातो.

बहिणाबाई आसोद्याच्या, १८८० च्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. १९५१ साली गेल्या आणि सोपानदेवांनी उतरून ठेवलेली गाणी १९५२ मध्ये छापून आली. त्यांना सुगरणीच्या खोप्यात माणसाला सांगण्यासारखं दिसतं, उभ्या पिकातल्या ढोरात मन दिसतं. म्हणजे प्रतिबिंब शोधणं आलंच की! पण फरक आहे. पिकात शिरलेलं ढोर त्यांनी स्वतः हाकललेलं आहे, दहा वेळा. ते परत येतं हे पायांना माहीत आहे. ही तुलना शेतात राबून झाल्यावर आली आहे, तिला मातीचा वास आहे. सुविचारवाल्या पिकल्या पानाला तो नाही.

आणि इथं ‘ऋतुचक्रा’त मला उणं काय वाटतं तेही सांगते. दुर्गाबाईंचे महिने पाहणाऱ्याचे आहेत, राबणाऱ्याचे कमी. शिरीष, पळस, आभाळ, पाखरं, जुनी काव्यं, लोककथा, सगळं आहे. पण पडलेली पानं झाडणारी बाई मला त्यात फारशी भेटत नाही. आपल्या घरातला ऋतू हाताला आधी कळतो. पापड वाळायला किती दिवस लागले, मिठाला पाणी कधी सुटलं, पिठाला जाळी कधी धरली, लाडू कधी वळायचे. जिला सकाळी दोन डबे आणि दुपारी सासूबाईंची औषधं आहेत तिनं दुर्गाबाईंइतका वेळ झाडापाशी कसा थांबायचं, याचं उत्तर पुस्तक देत नाही. शिवाय भाषा. संस्कृत शब्दांचा भरजरी पदर कुठे कुठे इतका जड होतो की पाखरू त्याखाली गुदमरतं. नवी मुलगी तिथं पुस्तक मिटते, तिला दोष देता येत नाही. तिला मी सांगेन, तो परिच्छेद सोड, पुढच्या परिच्छेदात झाड परत येतं.

आमच्या मंडळात यंदा आम्ही आठ-दहा जणींनी ‘ऋतुचक्र’ घेतलं आहे. चातुर्मासात बसायला वेळ बरा मिळतो म्हणून आषाढापासून सुरुवात केली, महिन्याचा लेख त्या महिन्यात. नियम एकच ठेवला. लेख झाला की प्रत्येकीनं आपण पाहिलेल्या एका झाडाविषयी, वेलीविषयी, किड्याविषयी सांगायचं, आणि त्यात ‘जीवन’, ‘आयुष्य’, ‘मन’ हे तीन शब्द आणायचे नाहीत. पहिल्या बैठकीला दहा मिनिटांत सगळं आटोपलं. कुणाला सांगायला काही नव्हतं. श्रावणात दोघी भांडल्या, गल्लीच्या तोंडाशी आहे ते करंज की आणखी काही, म्हणून. एकीनं खाली पडलेली शेंगच आणून दाखवली.

भाद्रपदात एक जण म्हणाली की तिच्या गच्चीवर, टाकीच्या पायाशी, भेगेत पिंपळाचं रोप आलं आहे. घरचे म्हणतात उपटून टाक, भिंत फुटेल. भिंत फुटेल हे खरंच. पण पर्युषण तोंडावर, चौमासात हिरवं उपटायचं नाही, म्हणून कार्तिक पौर्णिमेपर्यंत थांबायचं आणि मग मुळासकट काढून तळ्याकाठी लावता येतं का बघायचं, असं तिनं घरच्यांना पटवलं आहे. तोवर ती रोज टाकीचं पाणी बघायला वर जाते तेव्हा पानं मोजते. परवा फोनवर सांगत होती, सहा झाली, आणि सहावं हिरवं नाही, तांबूस आहे, इतकं पातळ की पलीकडचा उजेड दिसतो.